कवटीबाहेरून मांडलेला हिशोब

माझी भाची अकरा वर्षांची असताना तिला फिट येऊ लागल्या. ताईबरोबर मीही दवाखान्यात गेलो होतो. ईईजीच्या, म्हणजे मेंदूतली वीज डोक्यावरून नोंदण्याच्या, खोलीत टेक्निशियनने टेप लावून तिच्या डोक्याची मापे घेतली, नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. मग पेन्सिलीने खुणा केल्या, एकेक खूण घासून तिथे पांढरी पेस्ट लावली आणि एकवीस तारा चिकटवल्या. अर्धा तास नोंद चालली. रिपोर्टमध्ये आले : डाव्या टेम्पोरल भागात स्पाइक. ताईने कागद माझ्या हातात दिला. "अरे, तू गणित शिकवतोस ना? एवढ्या रेघा आहेत यात, मग नेमकं कुठून येतंय ते सांगता येईल की नाही?"

मी हो म्हणालो. रात्री हिशोब मांडायला बसलो तेव्हा लक्षात आले की हो म्हणण्याचा मला अधिकार नव्हता. रिपोर्टात लिहिलेली जागा इलेक्ट्रोडची होती. त्या तारेखाली नोंद सर्वांत ठळक आली, एवढेच तो कागद सांगत होता. ती वीज मेंदूच्या कोणत्या घडीतून निघाली हा प्रश्न वेगळा, आणि गणिताच्या दृष्टीने फार अवघड. हे पुस्तक त्या प्रश्नाविषयी आहे. कवटी न उघडता, सुई न टोचता, बाहेर घेतलेल्या मोजमापांवरून आत काय चालले आहे ते कसे मांडायचे, आणि मांडलेल्यावर किती विश्वास ठेवायचा.

त्या दिवशीची आणखी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. यंत्राकडे पाठवण्याआधी डॉक्टरांनी ताईला पाऊण तास प्रश्न विचारले. फिट येण्याआधी मुलगी काय करते, आधी कोणता हात हलतो, नजर कुठे वळते, शुद्धीवर आल्यावर लगेच बोलता येते का. यंत्र असताना एवढी विचारपूस कशाला, असे मला तेव्हा वाटले होते.

माणसाच्या मेंदूतली वीज डोक्यावरून पहिल्यांदा टिपली ती हान्स बर्गर या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने, येना शहरात, १९२४ मध्ये. पाच वर्षे त्याने ते छापले नाही. रुग्णांवर, स्वतःवर, स्वतःच्या मुलावर तो पुन्हा पुन्हा मोजून पाहत राहिला. १९२९ साली लेख प्रसिद्ध झाला तेव्हाही फारसा कोणाचा विश्वास बसला नाही. १९३४ मध्ये केंब्रिजला एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग करून दाखवला, तेव्हा कुठे लोकांनी बर्गरचे म्हणणे मानले. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला सुमारे दहा वेळा चढउतार करणारी लाट त्याला दिसली होती. डोळे उघडले की ती मावळे. बर्गर या वाटेला लागला ते मात्र वेगळ्याच कारणाने. तरुणपणी लष्करात असताना घोड्यावरून पडून तो मरणाच्या दारातून परत आला. त्याच दिवशी दूर घरी असलेल्या बहिणीच्या मनात भावाविषयी धास्ती उभी राहिली आणि तिच्या आग्रहावरून वडिलांनी त्याला तार केली. एका मनातली खळबळ दुसऱ्या मनापर्यंत कशी पोचते हे शोधायचे त्याने ठरवले. ते त्याला सापडले नाही. सापडली ती इवलीशी वीज : एका व्होल्टचे दहा लाख भाग केले, तर त्यांतले दहा ते शंभर भाग.

एवढीशी तरी ती बाहेर येते कशी, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे काही उलगडत नाही. एकट्या चेतापेशीचा आवाज कवटीबाहेर पोचण्याचा प्रश्नच नाही. पोचतो तो पथकाचा आवाज. गणपती विसर्जनाच्या दिवशी पुण्यात लक्ष्मी रस्त्यापासून चार गल्ल्या आत राहणाऱ्यांना हा अनुभव आहे. पथक निघण्याआधी जो तो आपला ढोल वाजवून बघत असतो तेव्हा घरात नुसता गलका ऐकू येतो. तेच ढोल एका ठेक्यावर पडले की खिडकीच्या काचा थरथरतात. यामागचे अंकगणित मला फार आवडते. समजा एक लाख पेशी आहेत. त्यांतल्या नव्याण्णव हजार आपापल्या तालात चालल्या आहेत. कुणी चढते आहे, कुणी उतरते आहे, आणि त्या एकमेकींना खोडतात. त्यांची बेरीज साधारण वर्गमूळाएवढी उरते, म्हणजे सुमारे ३१५. उरलेल्या एक हजार पेशी एका ठेक्यावर आल्या, तर त्यांची बेरीज पुरती एक हजार. शंभरात एक पेशी, पण बाकीच्या नव्याण्णवांवर ती भारी पडते. डोक्यावर उमटते ती वीज पेशींच्या संख्येपेक्षा त्यांच्या एकजुटीची साक्ष देते. त्यातही अट आहे. मेंदूच्या बाह्यकातल्या पिरॅमिडच्या आकाराच्या पेशी शेतातल्या उसासारख्या एकमेकींना समांतर उभ्या असतात, म्हणून त्यांचे प्रवाह एका दिशेने मिळतात. चहूदिशांनी पसरलेल्या पेशी कितीही जोरात काम करोत, बाहेर त्यांचे काहीच दिसत नाही. म्हणजे मोजायला सुरुवात करण्याआधीच आपण मेंदूच्या बऱ्याचशा कामाला मुकलेलो असतो.

आता गणित. त्याला दोन दिशा आहेत आणि या पुस्तकात मी त्यांना सुलट प्रश्न आणि उलट प्रश्न म्हटले आहे. आत अमुक जागी अमुक प्रवाह आहे हे ठाऊक असेल तर बाहेरच्या प्रत्येक तारेवर किती विद्युतदाब येईल, हा सुलट प्रश्न. तो कष्टाचा आहे, पण त्याला उत्तर आहे आणि ते एकच आहे. मेंदूतले बदल मॅक्सवेलच्या समीकरणांच्या हिशोबात इतके संथ आहेत की डोक्याएवढ्या अंतरात वीज पसरायला लागणारा वेळ सोडून देता येतो. आत घडले त्याच क्षणी बाहेर उमटले, असे मानून चालते. अडचण कवटीची आहे. मेंदूभोवतीच्या पाण्यातून वीज सहज वाहते, हाडातून मोठ्या मुश्किलीने. जुन्या हिशोबात कवटी मेंदूपेक्षा ऐंशी पट जास्त विरोध करते असे धरत. नंतरच्या मोजणींत हा आकडा पंधरा ते पंचवीस पटींच्या आसपास आला. हा फरक कोरडा वाटेल, पण कवटीचा आकडा चुकीचा धरला की उत्तरातली जागा एखाद्या सेंटिमीटरने सहज सरकते, आणि मेंदूत सेंटिमीटर म्हणजे बोट हलवणारा भाग आणि ओठ हलवणारा भाग यांच्यातले अंतर. सुरुवातीला डोके म्हणजे एकात एक बसवलेले गोल असे समजून सूत्रे मांडली गेली. आज प्रत्येक माणसाच्या एमआरआयवरून त्याच्याच डोक्याचे लाखो तुकड्यांचे प्रतिरूप संगणकात उभे करतात. तिसऱ्या प्रकरणात ते कसे बांधतात ते दिले आहे. वाचकाला घाई असेल तर ते प्रकरण मागे ठेवले तरी चालेल.

उलट प्रश्नाचे मात्र तसे नाही. बाहेरचे आकडे हातात आहेत, आतले प्रवाह शोधायचे आहेत. याला एकच उत्तर नाही, हे १८५३ सालीच सिद्ध झाले होते, बर्गरच्या सत्तर वर्षे आधी. सिद्ध करणारा हर्मान हेल्महोल्ट्झ. शिक्षणाने डॉक्टर, आणि बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश किती वेगाने धावतो हे नुकतेच मोजून दाखवलेला. वाहक पदार्थाच्या पृष्ठभागावर कितीही ठिकाणी, कितीही काटेकोर मोजा, आतल्या प्रवाहांच्या अगणित मांडण्या त्याच मोजमापांना जुळतील, असे त्याने दाखवले. कारण समजायला सोपे आहे. एखाद्या बंद पृष्ठभागावर सगळीकडे सारख्याच ताकदीचे बारीक द्विध्रुव बाहेरच्या बाजूला तोंड करून बसवले, तर बाहेर त्यांचा परिणाम शून्य. अशी मूक मांडणी कोणत्याही उत्तरात मिसळता येते आणि बाहेरचा एकही आकडा हलत नाही. तारा वाढवून हा दोष जात नाही. एकवीस ऐवजी दोनशे छप्पन्न लावल्या तरी नाही.

या विषयावरची जाडजूड पुस्तके वाचताना मला एक गोष्ट खटकत राहिली. हेल्महोल्ट्झचा निकाल पहिल्या पानावर नोंदवला जातो आणि पुढची चारशे पाने तो विसरून लिहिली जातात. म्हणून त्याचा अर्थ काय होतो हे मी इथे अगदी लहान उदाहरणात दाखवतो. पुढची सगळी यंत्रसामग्री या उदाहरणातच बसते. वाचकाने कागद-पेन्सिल जवळ घ्यावी.

मेंदूत दोनच जागा आहेत असे धरा. पहिली पृष्ठभागाजवळ, तिचा प्रवाह क्ष. दुसरी खोल, तिचा प्रवाह य. डोक्यावर एकच तार आहे. जवळची जागा तिला दुप्पट जोराने ऐकू येते, खोलची एकपट. तारेवर १० असा आकडा आला. म्हणजे २क्ष + य = १०. एक समीकरण, दोन अज्ञात. जवळची जागा ५ आणि खोलची शून्य, हे चालते. जवळची शून्य आणि खोलची १०, हेही चालते. आणि मधली अगणित उत्तरेही चालतात. अशा समीकरणांशी आपली ओळख जुनी आहे. भास्कराचार्यांच्या बीजगणितात कुट्टकाचा प्रकार येतो तो याच अडचणीवर. तिथे उत्तर पूर्णांकच हवे अशी अट बाहेरून घातली जाते. आपल्या उदाहरणात पूर्णांकांची आणि ऋण संख्या न घेण्याची अट घातली तर अगणित उत्तरांची सहाच उरतात. समीकरण तेच, पण अट आल्याबरोबर प्रश्नाचे रूप पालटते. मेंदूच्या बाबतीत प्रवाह पूर्णांकच असला पाहिजे असे म्हणता येत नाही. मग अट कोणती घालायची? या शास्त्रातल्या पद्धती वेगवेगळ्या होतात त्या इथे.

पहिली अट : सर्व उत्तरांतले ज्याला सर्वांत कमी ऊर्जा लागेल ते घ्या. म्हणजे क्ष आणि य यांच्या वर्गांची बेरीज लहानात लहान. उत्तर येते क्ष = ४, य = २. हेलसिंकीच्या हॅमालाइनेन आणि इल्मोनिएमी यांनी १९८४ मध्ये मेंदूसाठी मांडलेली किमान-मानाची पद्धत ती हीच, फक्त दोन जागांऐवजी हजारो जागा. दुसरी अट : शक्य तितक्या कमी जागा जाग्या असाव्यात, आणि त्यातही एकूण प्रवाह कमीत कमी असावा. मग उत्तर येते क्ष = ५, य = ०. आता दोन्ही उत्तरांकडे पुन्हा पाहा. खरोखर खोलची जागाच पेटली असेल, य = १० असेल, तर दोन्ही पद्धती चुकल्या, आणि दोन्ही एकाच बाजूला चुकल्या : पृष्ठभागाकडे. पृष्ठभागाजवळची जागा थोड्या प्रवाहात तेवढाच आकडा देते, म्हणून काटकसर मागणारी प्रत्येक अट तिच्याकडे झुकते. मेंदूचे रंगीत नकाशे पाहताना कडेकडेनेच सगळी लाली का दिसते, याचे एक मोठे कारण हे आहे. खोल भाग शांत आहेत असा त्याचा अर्थ लावला तर तो नकाशाचा दोष मेंदूच्या माथी मारल्यासारखे होईल.

१९९४ साली झुरिकच्या पास्क्वाल-मार्की आणि सहकाऱ्यांनी लोरेटा नावाची पद्धत आणली. शेजारशेजारच्या जागा साधारण सारख्याच वागतात ही तिची अट. २००२ मध्ये त्यांनी तिचे प्रमाणित रूप दिले आणि ते मला आपल्या लहान उदाहरणात फार बोलके वाटते. किमान-मानाने दिलेले प्रत्येक जागेचे उत्तर त्या जागेला मुळातच मिळणाऱ्या झुकत्या मापाने भागायचे. आपल्या बाबतीत ४ ला ४/५ च्या वर्गमूळाने आणि २ ला १/५ च्या वर्गमूळाने. दोन्हीकडे उत्तर येते ४.४७. म्हणजे हिशोब म्हणतो की एका तारेवरून दोन्ही जागांवर सारखाच संशय आहे. यापेक्षा जास्त काही म्हणायला एका तारेत माहितीच नव्हती. मला हे उत्तर आधीच्या दोन्हींपेक्षा प्रामाणिक वाटते, जरी ते प्रवाह किती आहे ते सांगत नाही.

मग दुसरी तार लावू. दोन समीकरणे, दोन अज्ञात, प्रश्न संपला, असे शाळेतले गणित सांगते. पण दुसरी तार पहिलीच्या शेजारीच आहे आणि कवटीने सगळे पसरवून टाकलेले असल्यामुळे तिला जवळजवळ तेच ऐकू येते. धरा, २क्ष + १.०१य. तिच्यावर १०.१ आकडा आला तर उत्तर : सगळा प्रवाह खोलच्या जागेत, य = १०. तिच्यावर १०.० आला तर : सगळा प्रवाह जवळच्या जागेत, क्ष = ५. आणि ९.९ आला तर खोलची जागा उणे १० आणि जवळची अधिक १०, दोन मोठे प्रवाह एकमेकांवर उलटे. मापात शंभरातल्या एकाचा फरक, आणि उत्तर मेंदूच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. पेशंटने डोळ्याची पापणी मिटली, दात आवळले, पेस्ट थोडी सुकली, की एवढा फरक कधीच पडून जातो.

जाक आदामार या फ्रेंच गणितज्ञाने १९०२ मध्ये चांगल्या प्रश्नाच्या अटी सांगितल्या होत्या. उत्तर असावे, ते एकच असावे, आणि माहितीत किंचित फरक पडला तर उत्तरातही किंचितच पडावा. ज्या प्रश्नांत हे नाही ते भौतिक जगाचे प्रश्नच नव्हेत, असा त्याचा कल होता. मेंदूचा उलट प्रश्न दुसऱ्या अटीत नापास आणि तिसरीतही. असे प्रश्न सोडून न देता त्यांना हाताळायचे कसे, हे सोव्हिएत गणितज्ञ आंद्रेई तिखोनोव्ह याने शिकवले. जमिनीवर घेतलेल्या मोजमापांवरून जमिनीखाली काय आहे हे शोधण्याचा प्रश्न त्याच्यापुढे होता, आणि १९६३ मध्ये त्याने आपली पद्धत पक्क्या स्वरूपात मांडली. तिचे मर्म एवढेच की मोजमापांशी तंतोतंत जुळण्याचा हट्ट सोडायचा. मोजमापात गोंगाट आहे हे ठाऊक असताना गोंगाटालाही जुळणारे उत्तर शोधणे म्हणजे गोंगाटाचाच नकाशा काढणे. थोडे न जुळले तरी चालेल, पण उत्तर भडकता कामा नये. थोडे म्हणजे किती, हे एका आकड्यावर ठरते. तो आकडा कसा निवडावा यावर या पुस्तकातले सर्वांत मोठे प्रकरण आहे आणि ते लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. प्रयोगशाळेत नकाशा तयार होतो तेव्हा हा आकडा बहुधा कुणीतरी आधीच भरून ठेवलेला असतो. तो दहापट बदलून नकाशा पुन्हा काढून पाहावा, एवढी एकच सवय तरुण संशोधकांना लागली तरी माझे श्रम सार्थकी लागतील.

बाकीच्या पद्धतींविषयी थोडक्यात. सर्वांत जुनी पद्धत म्हणजे सगळे एका बिंदूतून येते असे मानून तो बिंदू शोधणे. मेंदूच्या बाह्यकाचा एक लहानसा तुकडा खरोखर पेटला असेल तेव्हा ती आजही उत्तम काम देते. पण आवाज ऐकल्यावर डावा आणि उजवा असे दोन्ही श्रवणभाग एकदम जागे होतात, तेव्हा एका बिंदूचा आग्रह धरला तर तो बिंदू दोघांच्या मधोमध जाऊन बसतो, जिथे काहीच घडलेले नाही. रडारच्या विद्येतून आलेली आणखी एक पद्धत आहे. ती मेंदूच्या प्रत्येक जागेसाठी एक गाळणी तयार करते, तिथलेच येऊ द्यावे आणि इतरांचे अडवावे अशी. १९९७ पासून ती मेंदूसाठी रुळली. तिची अट अशी की दोन वेगळ्या जागा एका ठेक्यावर चालत नाहीत. दोन्ही कानांत एकच आवाज दिला की नेमके तेच होते, आणि ती गाळणी दोन्ही जागांना एकमेकींचा गोंगाट समजून दोघींनाही पुसून टाकू शकते. बाहेरची नोंद एकच, तरी पहिल्या पद्धतीने नसलेली जागा दाखवली आणि दुसरीने असलेल्या दोन्ही लपवल्या.

चुंबकीय नोंदीला, म्हणजे एमईजीला, एक प्रकरण दिले आहे. प्रवाह आहे तिथे चुंबकक्षेत्र आहे, आणि कवटी त्याला जवळजवळ अडवत नाही, हा मोठा फायदा. पण मेंदूचे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे पन्नास कोटीव्या भागाएवढे. डेव्हिड कोहेन याने १९६८ मध्ये तांब्याच्या तारेच्या वेटोळ्याने ते प्रथम पकडले आणि १९७२ मध्ये द्रवरूप हेलियमात थंड केलेल्या अतिवाहक सेन्सरने ते नीट मोजून दाखवले. आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्समध्ये आणि मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात ही यंत्रे आहेत. हेलियम न लागणारे, टोपीसारखे डोक्यावर घालता येणारे सेन्सर २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये दाखवले गेले. मान हलवणाऱ्या लहान मुलांची नोंद त्यामुळे शक्य होऊ लागली आहे. फायदा आहे तसा तोटाही आहे. डोके गोल मानले तर केंद्रापासून थेट बाहेरच्या दिशेने वाहणारा प्रवाह बाहेर चुंबकक्षेत्र निर्माणच करत नाही. ईईजीला तो दिसतो, एमईजीला नाही.

एवढा त्रास सोसायचा कशासाठी, असे कुणी विचारील. एफएमआरआयमध्ये मिलिमीटरपर्यंत जागा दिसते की. दिसते, पण दिसते ते रक्त. चेतापेशी जागी झाल्यावर तिथला रक्तपुरवठा वाढून शिखराला पोचायला पाच-सहा सेकंद लागतात. तुम्ही हे वाक्य वाचून संपवले तरी पहिल्या शब्दाचे रक्त अजून पोचायचे असते. ईईजी आणि एमईजी सेकंदाच्या हजाराव्या भागाचा हिशोब देतात. विचार कोणत्या क्रमाने कुठून कुठे गेला हे बाहेरून पाहायचे असेल, तर त्यांना पर्याय नाही.

उत्तर बरोबर आले हे ताडून कसे पाहायचे? निरोगी माणसाच्या बाबतीत जवळजवळ अशक्य. अपस्माराच्या शस्त्रक्रियेची वाट पाहणारे रुग्ण या शास्त्राला जमीन देतात. त्यांच्या मेंदूत उपचारासाठीच बारीक इलेक्ट्रोड उतरवलेले असतात. २०२० मध्ये मिलानच्या संशोधकांनी अशा रुग्णांत नेमक्या ठाऊक असलेल्या जागी हलका विद्युतझटका देत त्याच वेळी डोक्यावर २५६ तारांची नोंद घेतली आणि ती सर्वांना खुली केली. उगम कुठे आहे ते आधीच माहीत आहे, आता तुमची पद्धत लावून दाखवा. स्वतःच्या आजारपणात या नोंदीला संमती देणाऱ्या त्या माणसांविषयी मला मनापासून कृतज्ञता वाटते.

शेवटची तीन प्रकरणे सध्या ज्याची सर्वांत जास्त चर्चा आहे त्याविषयी आहेत : मेंदूच्या नोंदीवरून माणूस काय पाहतो, काय ऐकतो, ते शब्दांत किंवा चित्रांत उतरवणे. २०२३ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या गटाने, सहभागी माणसांपैकी प्रत्येकाने सोळा तास गोष्टी ऐकल्यानंतर, एफएमआरआयवरून नव्या गोष्टीचा मथितार्थ वाक्यांत उतरवून दाखवला. वृत्तपत्रांनी त्याला मन वाचणारे यंत्र म्हटले. पद्धत पाहिली तर ती आपल्या ओळखीचीच निघते. अमुक शब्द ऐकले तर मेंदूत काय दिसेल, हा सुलट प्रश्न आधी सोडवायचा. मग एका भाषा-प्रारूपाकडून संभाव्य वाक्ये मागवायची आणि ज्याचा अंदाज नोंदीशी सर्वांत जुळेल ते ठेवायचे. इथे भाषा-प्रारूप म्हणजे आपली अट, कुट्टकातल्या पूर्णांकाच्या जागी. वाक्य सुघड येते ते त्या प्रारूपामुळे, आणि त्यातला मेंदूचा वाटा वेगळा काढून मोजावा लागतो. त्याच अभ्यासात आणखी दोन गोष्टी दिसल्या. एका माणसावर शिकवलेले यंत्र दुसऱ्यावर चालले नाही. आणि माणसाने मनातल्या मनात दुसरेच काही सुरू केले, प्राण्यांची नावे घेतली किंवा वेगळी गोष्ट सांगितली, की उलगडा बिघडला.

हे परदेशातले कुतूहल आहे असे मराठी वाचकाने समजू नये. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयात एका खून खटल्यात शिक्षा झाली तेव्हा पुराव्यात मेंदूच्या विद्युतनोंदीची चाचणीही होती. प्रसंग सांगणारी वाक्ये आरोपी स्त्रीला ऐकवायची आणि ईईजीवरून तो अनुभव तिने स्वतः घेतला आहे का ते ठरवायचे, असे त्या चाचणीचे स्वरूप. त्या वेळी जगभरच्या मेंदूशास्त्रज्ञांनी त्यावर चिंता व्यक्त केली. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या अशा चाचण्या कोणावरही सक्तीने करता येणार नाहीत असा निकाल दिला. न्यायालयाने तो व्यक्तीच्या हक्कांच्या आधारावर दिला, आणि ते योग्यच झाले. गणिताच्या बाजूने मला त्यात भर घालायची आहे. डोक्यावरचे आकडे आणि 'हिने हे केले' हे वाक्य यांच्या मध्ये अटींचा मोठा डोंगर आहे. त्यातली एकेक अट उघड लिहून तपासली गेली नसेल, तर तो निष्कर्ष पुरावा म्हणून कोणाच्याही आयुष्यावर ठेवण्याच्या लायकीचा नाही.

पुस्तकाच्या भाषेविषयी थोडेसे. इलेक्ट्रोड, स्पाइक, सेन्सर हे शब्द दवाखान्यात आणि प्रयोगशाळेत जसे बोलले जातात तसेच ठेवले आहेत. दहावीपर्यंतचे बीजगणित आणि सदिशांची तोंडओळख एवढ्यावर पहिली पाच प्रकरणे वाचता येतील. पुढे कलनशास्त्र लागेल. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दोन-तीन अज्ञातांची उदाहरणे हाताने सोडवायला दिली आहेत, कारण संगणकाने दहा हजार अज्ञातांचे उत्तर दिले की चूक कुठे झाली ते डोळ्यांना दिसत नाही.

ताईच्या प्रश्नाचे उत्तर मला बरेच उशिरा देता आले. डॉक्टरांनी तिला पाऊण तास विचारलेल्या प्रश्नांचा अर्थ मला हा विषय शिकताना लागला. तिने सांगितले होते की फिट येण्याआधी पोरीला काहीतरी जळल्याचा वास येतो, मग नजर एका जागी थिजते, तोंड चघळल्यासारखे हलते आणि हाताने ती फ्रॉकची कड चाचपत बसते, हात आखडत नाही. उगम हाताची हालचाल घडवणाऱ्या भागात असता तर सुरुवातच हात आखडण्याने झाली असती. डोक्यावरच्या एकवीस आकड्यांना जुळणारी अगणित उत्तरे होती. त्यांतल्या कितीतरी उत्तरांना ताईच्या या चार वाक्यांनी बाहेर काढले, आणि टेम्पोरल भागाच्या आतल्या बाजूला, खोलवर, जिथे बाहेरच्या तारेला अर्धेमुर्धेच ऐकू येते, तिथे बोट ठेवले. डॉक्टरांनी ती वाक्ये फाइलीत जशीच्या तशी मराठीत उतरवून घेतली होती, फ्रॉकच्या कडेसकट.